तारखेचा रकाना

बॅलार्ड इस्टेटमधली आमची इमारत पाच मजल्यांची,
खाली तळघर. मोठ्या भरतीला तिथे पंप लावतात.
सिस्टिमही तशीच रचलेली आहे,
फक्त तिला जिने नाहीत.

सगळ्यात वर पडदा. निळ्या पट्टीचा, हसतमुख.
त्याला काही माहीत नसतं, तो फक्त विचारतो.
त्याच्या खाली नियम. मागच्या मोजणीला सतराशे बावन्न,
पाठीला पाठ लावून बसलेले,
काहींना बसवणारी माणसंही आता उरलेली नाहीत.
त्याखाली ने-आण करणारा थर,
स्वतःचं मत नसलेला.
आणि तळाशी खतावण्या,
ज्यांना सोळा वर्षांत मी दोनदाच हात लावलाय.

शिस्त एकच. आपल्या खालच्याशीच बोलायचं,
मजला गाळायचा नाही.
नव्या पोरांना मी हे फळ्यावर चौकोन काढून सांगते,
आणि ती शिंप्याने माप घेताना उभं राहावं
तशी ताठ बसून ऐकतात.

मंगळवारी काउंटरवरून तक्रार वर आली.
भागिरथी हिरोजी तांडेल, मच्छीमार नगर.
होडी परत आली, नवरा नाही.
पडदा मृत्यूची तारीख मागतो,
रकान्यापुढे लाल चांदणी.
बाई जे बोलल्या ते करंबेळकरने शेऱ्यात टाइप केलं,
शेऱ्याची जागा संपली, पडद्याने वाक्य कापलं.
माझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच:
"मला तारीख माहीत असती तर मी त्या दि"

रात्री उतरले.
चांदणी काढणं सोपं होतं, दोन ओळी.
खाली नियम सहाशे अकरा उभा:
तारीख नसेल तर परत पाठव.
त्यालाही बाजूला सारलं असतं,
पण त्याखाली ने-आण करणाऱ्याची जुनी खोड,
रिकामी तारीख दिसली की आजची भरायची.
म्हणजे वरची दोन्ही दारं मी उघडली असती,
तर हिरोजी तांडेल
दर वेळी कागद जतन करताना
नव्याने मेला असता.

मग तळ.
तिथली भाषा माझ्या कॉलेजातही कुणी शिकवत नव्हतं.
सगळी अक्षरं मोठी, ओरडल्यासारखी,
आणि मध्येच रोमन लिपीत हळू आवाजातलं मराठी:
"कोड सात म्हणजे समुद्र. तारीख मागू नये. ओ. प."

पडद्यावरच्या यादीत कारणं सहाच आहेत.
सातवं कधी गळलं, कुणाला ठाऊक नाही.
नवा पडदा बसवताना कुणीतरी विचारलं असेल,
हे काय आहे? आणि कुणीतरी म्हणालं असेल, काही नाही.

जुन्या पगारपत्रकात सापडला ऑस्वल्ड परेरा, माथारपाखाडी.
फोन नंबर सहा आकडी.

कोड सातखाली एकशे अठरा नावं होती.
शेवटचं शहाण्णव सालचं.
त्यानंतर समुद्राने कुणालाच ठेवून घेतलं नाही,
असं आमच्या आकड्यांवरून दिसतं.

वर चढायला सहा आठवडे लागले.
ने-आण करणाऱ्याला शिकवलं, रिकामं म्हणजे रिकामं.
सहाशे अकराला एक अपवाद जोडला,
त्यासाठी तीन सह्या आणि एक बैठक.
बैठकीत विचारलं, असे ग्राहक किती?
मी म्हटलं, एक.
कुणीतरी चहा ढवळत राहिलं.
मग एकशे अठरांची यादी टेबलावर ठेवली,
आणि ढवळणं थांबलं.

पडद्यावर सातवं कारण आलं त्या दिवशी
मी स्वतः काउंटरवर गेले.
सोळा वर्षांत पहिल्यांदा काचेच्या या बाजूला.
भागिरथीबाईंच्या पिशवीत विळी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
करंबेळकरने सात निवडला. चांदणी गेली.
त्यांना पडदा दिसत नव्हता,
त्यांना फक्त आमचे चेहरे दिसत होते.

मी विचारलं, तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात?
ते अर्धंच आलं माझ्याकडे.

त्यांनी आधी सही केली, सावकाश, एकेक अक्षर.
मग म्हणाल्या,
तारीख माहीत असती तर त्या दिवशी
जाऊ दिलं असतं का मी त्याला?

हे ठेवायला आमच्याकडे रकाना नाही.
खाली पंप सुरू झाला होता.