भिंतीची जाडी

फॉर्मवर रकाने होते चौदा.
मालकाचं नाव. खोल्या किती. छप्पर कशाचं.
सहाव्याशी माझं पेन अडलं:
भिंतीची जाडी.

टेपचं एक टोक सिद्दिकाबाईंच्या हाती दिलं
आणि दुसरं धरून उभा राहिलो,
कुठे जायचं ते कळेना.
ह्या अंगाला चूल, तिच्यावर पिढ्यांची काजळी,
त्या अंगाला सगळा डोंगर.
"चालत जा," बाई म्हणाल्या,
"पलीकडे पोचलास की हाक मार."

कायाबाशीचा कडा सकाळी लोण्यासारखा,
दुपारी हाडासारखा.
त्याला दारं, त्याला खिडक्या,
अगदी वर, शिडीही पोचू नये तिथे, कबुतरांची भोकं.
मला नेवशेहिरच्या कचेरीतून धाडलेलं,
कारण कडा तडकला होता
आणि सरकारला माणसं खाली हवी होती,
सपाटीवर, ओळीने, नंबर घातलेली.

"घर बांधलं कधी?"
"बांधलं नाही रे. उणं केलं."
मुलगी झाली त्या हिवाळ्यात पाळण्यापुरतं.
सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा
एका माणसाच्या लांबीचं.
काकवीच्या रांजणाला बुडापुरता एक गोल,
दिव्याला वीतभर.
"हा दगड कापताना पनीर असतो,
वारा लागला की घट्ट होतो.
आमचे दुर्मुश ह्याच्या उलट होते,
वाऱ्यावर कडक, घरात पनीर."
आणि निघालेला चुरा?
तो पाठीवरून द्राक्षाच्या मळ्यात,
कबुतरांच्या विष्ठेत कालवून.
"म्हणजे ती आतली खोली," बाई म्हणाल्या,
"आम्ही खाल्ली पुढे. काकवी करून."

मग न विचारता त्यांनी तड दाखवली.
कोठीच्या छतातून उतरलेली, केसाएवढी, मग बोटाएवढी.
तिच्यावर आडवे, पायऱ्यांसारखे,
सातूच्या कणकेचे वाळके पट्टे.
प्रत्येक मधोमध तुटलेला.
"थंडीच्या तोंडाशी एक लावते.
पूर्वी वसंतापर्यंत टिकायचा.
यंदाचा
बर्फ पडायच्या आत गेला."
आणि हात झटकत,
पोळी करपल्याचं सांगावं तशा आवाजात,
"कुठे अंगठा उठवू?"

शाई त्यांनी भिंतीलाच पुसली.

सहावा रकाना मी कोराच ठेवला.
नेझिहसाहेबांनी तिथे शून्य भरलं
आणि कागद पुढे सरकवला.

दोन वर्षांनी तक्रार आली.
घर क्रमांक एकतीस.
शासकीय मालमत्तेची नासधूस.

सिमेंटच्या घरांची रांग, एकसारखी,
रंगसुद्धा एकाच डब्यातला.
बाईंच्या उशाशी भिंतीत भोक.
दिव्याला कोनाडा हवा म्हणून
दुर्मुशच्या जुन्या पटाशीने
त्यांनी जरासं उणं करायला घेतलं,
चार बोटं आत गेल्या
आणि गुलसुमचं स्वयंपाकघर लागलं.

"पोचले रे पलीकडे," बाई म्हणाल्या.
"हाक मारायची राहिली."

भोकातून कांदा परतल्याचा वास येत होता.
मग गुलसुमचा एक डोळा.
तक्रार तिचीच होती;
ती तिने सगळी पुन्हा सांगितली, भोकातूनच,
अधूनमधून कांदा हलवत,
आणि शेवटी बाईंना विचारलं, मीठ आहे का.

मी टेप लावली. अकरा सेंटिमीटर.
सहाव्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं.
इतका सोपा आकडा
मला त्या गावात पहिल्यांदाच मिळाला होता.

दंडाचा रकाना उरला.
त्याच्यावर पेन धरून बसलो होतो
तेवढ्यात बाईंनी परातीतून कणकेचा गोळा आणला,
भोकावर थापला,
अंगठ्याने कडा दाबल्या.

"वाळू दे," म्हणाल्या.
"बघू किती दिवस टिकतो."