दार लाव

आई ओरडायची, "दार लाव!
तराफ्यावर जन्मलास का रे?"
जो कुणी शेवटी आत येई त्याला,
म्हणजे बहुतेक वेळा इलायला,
कारण त्याच्या दोन्ही हातांत नेहमी काहीतरी असायचं:
सरपण, कॉडची मुंडकी, एकदा जिवंत पफिन पक्षी.
तिला तिच्या आईनं हेच विचारलं होतं,
त्या आईला तिच्या आईनं.
उत्तर कुणालाच नको होतं. दार लागलं की पुरे.

हॅनाज टिकलमध्ये चौदा घरं होती,
आणि बोलणी सगळ्या घरांत तीच,
मिठासारखी या घरातून त्या घरात उसनी जायची.
"बोटीत शीळ घालू नकोस, वारा ऐकतो."
"पावाच्या कडा खा, केस कुरळे होतील."
माझे झाले नाहीत. साठ वर्षं कडा खातेय.
"रडतेस कशाला? थांब, रडायला कारण देते."
आणि द्यायची. ते मी इथे गोड करून लिहिणार नाही.

रानबेऱ्या वेचायला निघालो
की खिशात पावाचा तुकडा कोंबायची.
दलदलीतल्या पऱ्या पोरं भुलवून नेतात,
पाव जवळ असला की हात लावत नाहीत.
आणि धुकं उतरलं, वाट चुकली,
तर सैरावैरा पळायचं नाही.
"जिथे आहेस तिथेच थांब,
मी येतेय तू आहेस तिथे."
यायची. आधी कंदील, मग शिव्या, मग ती.

सदुसष्ट साली सरकारचा माणूस आला.
इथे शाळा नाही, डॉक्टर नाही, म्हणाला, उठा इथून.
बाबांनी सही केली,
पण घर सोडायला तयार होईनात.
चारी अंगांनी तेलाची रिकामी पिंपं बांधली,
घर जोत्यावरून उपटलं, भरतीची वाट पाहिली,
आणि लीअँडरकाकाच्या बोटीनं, आणखी तीन बोटींनी
ते खाडीपार ओढत नेलं.
पडदे तसेच. चुलीवर किटली तशीच.

आई मागच्या बोटीत, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ.
मध्यावर घराचं पुढचं दार सुटलं.
लाटेसरशी उघडे, मिटे, पुन्हा उघडे.
आत आमचा जिना, खुंटीला बाबांचा कोट,
आणि चहूकडे समुद्र.
इलाय आठ वर्षांचा. म्हणाला,
"आई, आता तर आपण तराफ्यावरच राहतो. उघडं चालेल?"
मला वाटलं, बसली आता कानाखाली.
बाबा हसले. त्यांना पाहून लीअँडरकाकाही.
आई हसली नाही. ती मागे बघत होती,
चर्चवरच्या उताराकडे,
जिथे सेलिना होती, अकरा महिन्यांची.
सरकारच्या कागदात घराचे पैसे होते, माणशी पैसे होते,
सेलिनाचा रकाना नव्हता.
पिंपं बांधून आणण्यासारखी ती नव्हती.
आईचे ओठ हलले. वारा होता, इंजिन होतं,
तरी मी ओळखलं.
धुक्यातलं वाक्य होतं.

आता ती एक्याण्णव. गँडरच्या वृद्धाश्रमात
दारं काचेची, माणूस आला की आपोआप उघडतात,
आपोआप लागतात. हे तिला पटत नाही.
मी गेले की न्याहाळते, विचारते,
"तुला विणलं कोणी, पोरी?"
कुणाची तू, हे आमच्याकडे असंच विचारतात.
कधी मी सांगते. कधी म्हणते, स्वेटर का, दुकानातला.
तिच्या खिशात पावाचे वाळके तुकडे सापडतात,
धुण्याचं मशीन अडतं, नर्स म्हणाली.
मी म्हटलं, राहू द्या.

निघताना मी दाराशी पोचते, काच सरकते,
आणि मागून तोच आवाज, खोली दणाणेल असा.
मी वळते. दोन्ही हात रिकामे.
तिथेच उभी राहते,
आणि मी उभी आहे तोवर
ते लागत नाही.