अतीतजवळचा फोटो

गाडी भूपालची. कागद भूपालचे, पीयूसी भूपालची,
काचेवरचं 'जय जिनेंद्र' भूपालचं,
डिकीत सांडलेली हळदसुद्धा त्याचीच.
माझं त्यात एकच होतं :
शेजारच्या सीटवर, फुलाफुलांच्या गोधडीत गुंडाळलेला
जनानी तंबोरा.

साताऱ्याच्या घाटगेबाईंना तो चारच्या आत हवा होता.
एसटीनं न्यावा तर भोपळा कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटणार,
म्हणून मिरजेतून सांगलीला गेलो, अडतीत, ऐन सौद्याच्या वेळी.
बोली ओरडता ओरडता भूपालनं
पिवळ्या हातानं किल्ली दिली.
"सांभाळून ने," एवढंच म्हणाला.
काय सांभाळून, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

उंब्रज मागं पडेपर्यंत मी शहाण्यासारखा चालवत होतो.
मग रस्ता रिकामा झाला. काच दोन बोटं खाली होती.
नव्वदच्या पुढं कुठंतरी वाऱ्यानं गोधडीत तोंड घातलं
आणि तारा आपसूक घुमल्या.
खर्ज आधी. मग जोड.
साडेतीन महिने त्या जवारीत मी सुताचा धागा सरकवत होतो,
दुकानात तो कधी असा बोलला नव्हता.
अजून थोडं ऐकावं म्हणून पाय दाबला.
एकशे चार.
एवढा माझा गुन्हा. तो मी कुठंही कबूल करीन.

सरकार मात्र चालवणाऱ्याला ओळखत नाही,
नंबरप्लेटीला ओळखतं.
मेसेज गेला भूपालच्या मोबाइलवर. एक नाही, दोन.
वेग : दोन हजार.
सहप्रवाशाला सीटबेल्ट नाही : दोनशे.
स्थळ अतीत, वेळ तीन बेचाळीस, सोबत फोटो.

मला कळलं सव्वा महिन्यानं.
त्रिशलावहिनींनी आमच्या हिला बाजारात गाठून विचारलं,
"तू बरी हाईस नव्हं?"
इतक्या मायेनं, की हिला वाटलं
आपल्याला काहीतरी मोठं दुखणं झालंय आणि कुणी सांगत नाही.
मग हळूहळू चलनाचं निघालं.

पैसे घेऊन गेलो. भूपालनं हात पुढं केला नाही.
"भरलेत मी. कवाच."
"मला सांगायचं तरी."
"काय सांगायचं, मर्दा," पोत्याच्या शिवणीकडं बघत तो म्हणाला,
"तुझी वहिनी म्हटली, फोटोत शेजारी कोण बसलंय बघा.
मी म्हटलं, कोण का असंना. गाडी माझी, पावती माझ्या नावाची.
मिटवून टाकलं."

मग मी फोटो पाहिला.
माझं तोंड उघडं, गाणं ऐकणाऱ्याचं असतं तसं.
आणि शेजारी ती :
मान किंचित मागं टाकलेली, सडपातळ,
कमरेखाली भरलेली, डोक्यावरून पदर,
पदरातून खुंट्यांचा अंबाडा.

हसलो. हमाल गोळा होईपर्यंत दोघंही हसलो.
मग तो एकदम गप्प झाला, मीही.
दंड दुसऱ्याचा भरता येतो, ते एक वेळ ठीक.
पण पाच आठवडे हा माणूस माझ्यावरचा संशयसुद्धा
स्वतःच्या खिशात घेऊन हिंडला,
सुट्या पैशांसारखा,
कुठं वाजू न देता.

दोन हजार त्यानं घेतले. मोजून घेतले.
दोनशेची नोट माझ्या खिशात परत कोंबली.
"हे माझ्याकडं. बघण्यात चूक माझी झाली, दस्तगीर."

परवा पुन्हा किल्ली मागितली. दिली.
"सांभाळून" म्हणाला नाही.
नवा तंबोरा बसवला, भोपळ्यावरून पट्टा ओढून खटका लावला.
ताणलेला पट्टा बोटानं छेडून पाहिला, सवयच ती :
काळी दोनच्या जरा खाली.
अतीतच्या खांबाखालून ऐंशीनं गेलो.
काच बंद होती.
गोधडी मुद्दाम घरी ठेवली होती.