पंचवीस अंश, पाषाण

दुपारी तीनला आमच्या प्रयोगशाळेत गूळ कढतो.
मक्याचं पीठ, यीस्ट, अगर,
आणि उलथनं धरलेला मैनाबाई घोण्यांचा हात.
चिलटांचा स्वयंपाक.
रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही,
काकवीचा वास आला की तो ब्रेक मारतो.

मी नळ्या मोजते.
पंचवीस अंशांत दहा दिवस:
अंडं, अळी, कोष, माशी.
ज्या जनुकावर माझी चार वर्षं गेली
त्याचं नाव ‘बिनडोळी’.
ते असलं की डोळा होतो,
नाव पडलंय ते नसल्यावरचं.
सुतारवाडीत आमच्या गल्लीचा वायरमन शिरोळे असाच,
वीज गेली की सगळ्यांना तोंडपाठ.

आज एकीच्या पायावर डोळा आला.
गुडघ्याच्या जरा खाली, तांबडा,
डाळिंबाची फोड उघडल्यासारखा.
मीच सांगितला होता, अळीत असताना,
तिला न विचारता.
जनुक उंदराचं. डोळा मात्र माशीचा.
हुकूम एवढाच होता, डोळा कर.
कसला, ते तिच्या घरच्यांनी ठरवलं.

सरांना फोन केला.
‘किती माशांत?’
‘एकशे बारांत सात.’
‘फोटो नीट काढ.’

मैनाबाई हात पुसत आल्या,
एक डोळा मिटून, नेम धरल्यासारख्या वाकल्या.
‘अगं, हिच्या पायाला!’
‘हो.’
‘दिसतं का त्याला?’
‘नाही. मेंदूपर्यंत तार गेलेली नाही.’
‘मग?’

मग काय.
प्रबंधातली आकृती तीन, भाग ब.

त्या भिंगावरून उठल्याच नाहीत.
‘आमच्या न्हावऱ्याला उसाच्या पेरापेरावर डोळा असतो.
बाप बेणं तोडायचा, दोन डोळ्यांचं एक टिपरं,
आणि आम्हा पोरींवर ओरडायचा,
डोळा दुखवू नका, डोळा दुखवू नका.
त्याला कुठं दिसतंय?
मातीत घातला की फुटतो.’

एवढं बोलून त्या गेल्या, गूळ लागत होता.

गॅसच्या झोपेतल्या सातही जणी
मी ब्रशनं ताज्या नळीत सोडल्या.
एकीचा पाय हलला.
दुसरा.
मग ती उठली
आणि गुळात डोळा टेकवत टेकवत
चालू लागली.