ताप येईल

फेब्रुवारीत पहिली सुई आम्हांला.
महापालिकेचे सगळे एका रांगेत :
झाडूवाले, पाणीपुरवठ्याचे, स्मशानातले दोघे,
आणि झोन ऑफिसचे हिरेमठ,
ज्यांनी दंडाकडे बघायचं नाही म्हणून
भिंतीवरचं कुटुंब नियोजनाचं पोस्टर दोनदा मोठ्यानं वाचलं.
अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवलं.
काही झालं नाही.

जे व्हायचं ते रात्री झालं.
हाडं कुणी यंत्रमागावर चढवल्यासारखी,
आणि दाराआडून निशू,
"आई, तुला तोच आला का?"
"नाही रे, लसीचा ताप आहे."
"मग घेतली कशाला?"
तो पाच वर्षांचा. त्याच्या वयाला लस नव्हती.
"तुझ्या वाटची पण मीच घेतली," म्हटलं.
बराच वेळ दाराआड शांतता.
"मग माझ्या वाटचा तापही तुलाच?"

एप्रिलात रिक्षावर भोंगा बांधून
नीलमनगरच्या गल्ल्यांत फिरलो.
ऊन असं, की मास्कच्या आत ओठांना मीठ लागे.
भोंगा मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये सांगत होता :
काही त्रास होत नाही.
माझ्या पर्समध्ये त्या रात्रीच्या तीन गोळ्या उरलेल्या.

नरसव्वा बोद्धूल उंबऱ्यात, मांडीवर सूप,
बोटं पान वळतायत, मान वर नाही.
"जरम वस्तदा, अक्का?"
एवढं तेलुगू मला येतं.
नाही येत, म्हणाले.

तिला दोन दिवस आला.
दोन हजार विड्या बुडाल्या.
तिसऱ्या दिवशी आमची रिक्षा वळली
तशी गल्लीतली दारं
एकामागून एक लागली,
आणि भोंगा रिकाम्या दोरीवरच्या लुगड्यांना
तीन भाषांत समजावत राहिला.

एकच दार अर्धं उघडं होतं.
नरसव्वाची सून नागमणी, पदराखाली चार महिन्यांची पोर.
"पाजणाऱ्या बाईनं घ्यायची का?"
मी पत्रक काढलं, वाचलं :
नाही.

जूनमध्ये नवं पत्रक आलं.
मी परत त्याच दारात.
घ्यायची, म्हटलं. पाजतानाही चालते.
ती हसली नाही.
"तेव्हा नाही म्हणालीस, आता हो म्हणतेस.
दूध तेच, पोर तीच, मीही तीच.
बदललं काय?"

ट्रेनिंगमध्ये याचं उत्तर नव्हतं.
साहेबांनी दिलेल्या प्रश्नोत्तरांच्या कागदावर
असा प्रश्नच नव्हता.
भोंगेवाला बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होता.
बंद कर, म्हटलं त्याला.

"तेव्हा आम्हांला माहीत नव्हतं," म्हणाले.
"पोरांच्या आया तपासल्याच नव्हत्या कुणी.
आता थोडं कळलंय. सगळं नाही.
आणि सासूला मी खोटं सांगितलं होतं.
मलाही आला होता ताप.
तुलाही येईल. दंड दुखेल.
सूप मांडीवर धरवणार नाही एक दिवस.
म्हणून शनिवारी ये.
रविवारी कारखाना माल घेत नाही, नाहीतरी."

आतून सुपाचा आवाज थांबला.
म्हणजे नरसव्वा ऐकत होती.

शनिवारी शाळेच्या वर्गात, बुटक्या बाकांवर,
नीलमनगरच्या एकोणीस बायका.
कुणी तंबाखूच्या वासासकट, थेट कामावरून,
कुणी लग्नातली साडी नेसून.
भिंतीवर बाराखडी, फळ्यावर आमचं गणित :
पहिला डोस, चौऱ्याऐंशी दिवस, दुसरा डोस.
नागमणी अर्धा तास बसली
आणि त्या अर्ध्या तासात पोर पोटभर प्याली,
घड्याळाकडे बघत बसले ते मी.

निघताना नरसव्वानं मला दारात अडवलं.
सुनेसोबत आली होती, पिशवी घेऊन, गप्प.
"दोन हजाराची मजुरी," ती म्हणाली, मराठीत,
"तुझ्याकडे उधार आहे, अक्का."

आहे. लिहून ठेवलंय मी.
त्याच वहीत, एकोणीस नावांच्या वर.