घडाची पिशवी

सावद्याच्या मैदानावर, एप्रिलात, सकाळी साडेदहाला
खो-खोचा खांब हाताला चटका देतो.
भाविका वारके तो ओढणीने धरते.
रमजान तडवी तळव्याला थुंकी लावून धरतो, आणि हसतो.
मी शिट्टी खिशातच ठेवतो,
ती पितळी आहे आणि मला माझे ओठ लागतात.

या, सावलीत या. सावली तेवढीच, टाकीखाली.
खेटून बसा.
सराव नंतर. आधी माझा कान बघा.

हा, डावा. वरची कड कातरल्यासारखी दिसते ना?
मागून तुम्ही मला कानकट्या सर म्हणता.
म्हणा. पण कान कुणी कापला ते विचारत नाही कधी.

बावीस वर्षं पंचगिरी केली,
फैजपूर, चोपडा, शिरपूर, बोदवड,
भर दुपारी, उघड्या डोक्याने.
टोपी घालतात ते पाहुणे, असं वाटायचं.
मग कानावर खपली आली, ज्वारीच्या दाण्याएवढी.
पडायची, पुन्हा यायची.
उष्णता आहे, म्हणालो. हळद लावली. खोबरेल लावलं.
एकदा लिंबू चोळलं आणि रात्रभर अंगणात नाचलो.
असे आठ महिने.
जळगावच्या डॉक्टरीणबाई भिंगातून बघता बघता
बोलायच्या थांबल्या.
तुकडा तपासायला गेला, अकरा दिवस लागले,
त्या अकरा दिवसांत मला एकही डाव मोजता आला नाही.
कॅन्सर आहे, म्हणाल्या. पण वेळेवर आलात.

वेळेवर म्हणजे अर्धा इंच कान.

रमजान, हसू नको.
बरं, हस.

"सर, आपण तं काळे. आपल्याले काय करते ऊन?"
बरोबर विचारलंस, लोकेश. मीही हेच विचारलं होतं.
बाई म्हणाल्या, काळ्या कातडीला एक जादा चादर असते,
पण चादर म्हणजे छप्पर नव्हे.
आपल्यात हा रोग कमी.
कमी आणि शून्य यातला फरक
गुण लिहिणाऱ्या पोराला तरी कळायला हवा.

आणि तूच सांग,
घड सुटला, कमळ मोडलं,
की तुझा बाप काय चढवतो त्याच्यावर?
पिशवी. निळी, पातळ, खालून उघडी.
बांधाला शेवरी लावतो, झळ अडावी म्हणून.
सालीवर डाग पडला तर माल परत येतो,
हे तुला पाचवीपासून पाठ आहे.
आणि त्या पिशव्या चढवतोस तू,
बारा वाजता, बनियनवर.
तुझी साल कुणी विकत घेत नाही, म्हणून?

ही ट्यूब. मेडिकलवाल्याने विचारलं, मॅडमसाठी का सर?
नाही, म्हटलं, पंधरा खेळाडूंसाठी.
ही गोरं करत नाही. गोरं व्हायचं असेल त्याने
माझ्या मैदानात येऊ नये.
दोन बोटांवर दोन रेघा, तेवढी तोंडाला आणि मानेला.
कान विसरायचे नाहीत, माझ्याकडे बघून तरी.
घाम गळला की पुन्हा.
पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टोपी किंवा उपरणं,
आणि उद्यापासून सराव सहाला, साडेदहाला नाही.
खांबाला रंग द्यायचे पैसे होते. ते यात गेले.
खांब असेच राहतील, पोपडे आलेले.

मानेची मागची बाजू आपली आपल्याला दिसत नाही.
चला, पाटीवर बसता तसे बसा,
पण सगळे एकाच दिशेला तोंड करून.
मागच्याने पुढच्याला लावायची.
पाठीवर हात पडला की उठू नका, हा तो खो नाही.

लोकेश लाजत लाजत बोट बुडवतो.
रमजानने गालांवर वाघाचे पट्टे ओढलेत.
"फासून घे नीट, वाघ," भाविका ओरडते,
"तिकडं कपाळ कोरडंच ऱ्हायलं."
मग रांगेतून उठते, माझ्या मागे येते.
"सर, हालू नका."
आणि उरलेल्या अर्ध्या कानाला
गार, पांढरं काहीतरी लागतं.