दोन सूत

आठ बाय चारचा बोर्ड जिन्याच्या वळणावर अडला.
मुनाफने तो परत खाली नेला, सायकलींच्या शेडमध्ये आडवा केला,
म्हणाला, काका, इथेच दोन करू.
मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडलो :
आधी उभं-आडवं बघून घे रे!
तो हसला. याला ताणाबाणा नसतो,
जिकडून कापाल तिकडून सिमेंटच.

एकेचाळीस वर्षं मी कापत आलो
घाटकोपरला, गोळीबार रोडच्या दहा फुटी दुकानात.
शर्ट, सफारी, बँडवाल्यांचे लाल कोट,
एकदा कुठल्याशा पुतळ्यासाठी सतरा मीटरचा पडदा.
कात्री अजून आहे.
कोथिंबिरीला मी ती देत नाही.

सोसायटीची नोटीस : दोन ते चार मशीन बंद.
म्हणून दुपारी मुनाफ सुरी काढतो,
लोखंडी पट्टी गुडघ्याखाली दाबतो,
एकदा ओढतो, दोनदा, तिसऱ्यांदा जरा अंग टाकून,
मग रेघेखाली पाइप सरकवून
खटकन मोडतो.
कापतो कुठे? नुसती वाट दाखवतो,
बोर्ड आपणहून तुटतो.
करड्या धुळीने त्याच्या पापण्या म्हाताऱ्या होतात.

पेन्सिल करड्यावर उठेना.
मी माझा खडू दिला, निळा, त्रिकोणी,
कडेला झिजून पात्यासारखा झालेला.
त्याने आधी वास घेतला, मग रेघ मारली.
दुकान विकल्यानंतरची त्या खडूची पहिली रेघ.

भिंत सरळ नव्हती.
वर साडेअठ्ठावीस, खाली सत्तावीस आणि तीन सूत.
कन्नमवार नगरात सगळ्यांच्या अशाच, मुनाफ चुकचुकला.
मी म्हटलं, त्यात काय,
सरळ माणूस मीही एकही मापला नाही.
प्रत्येकाचा एक खांदा उतरलेला असतो,
वकिलाचा फायलींनी, पोस्टमनचा पिशवीने.
त्याला कळू न देता कोट तिरका कापायचा.

आणि दोन सूत कमी घेतो, तो म्हणाला,
कोपऱ्यात बोर्डाला श्वास पाहिजे.
आम्ही उलट करायचो. दोन सूत जास्त.
शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं कापड,
पोट सुटलं, दिवस राहिले, पोर वाढलं, की उसवायचं.
त्याला आमच्यात माया म्हणतात.
म्हसळ्याच्या मुनाफला हे माहीत नव्हतं.
त्याच्या धंद्यात जास्त राहिलं
तर ती चूक.

हे सगळं कुमुदसाठी.
फेब्रुवारीत ती इथेच घसरली. खुबा.
बादली भरून वाहायला लागली
तेव्हा कुठे मला कळलं.
आता बोर्डामागे फळी ठोकायची, फळीला दांडा,
दांड्याला तिचा हात.
किती उंचीवर? मुनाफने विचारलं.

मी तोंड उघडलं आणि थांबलो.
छाती, कंबर, दंडाचा घेर, गळा पुढून, गळा मागून,
लग्नापासूनची तिची सगळी मापं मला पाठ आहेत,
कुठल्या साली किती उसवलं, तेसुद्धा.
पण पडताना तिचा हात कुठवर जातो
ते मी कधी घेतलं नव्हतं.

तिला वॉकरसकट आत आणलं, उघड्या विटांपुढे उभं केलं.
म्हटलं, पडल्यासारखं कर.
पडल्यासारखं कसं करू? ती म्हणाली, पण डोळे मिटले,
आणि डावा हात आपोआप भिंतीवर गेला,
मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी खाली,
एखाद्या पोराने धरावं तिथे.
मी टेप लावला. पुन्हा लावला. खडूने फुली मारली.
मुनाफ उगाचच पट्टी पुसत राहिला.

चार वाजले. खाली कुणाचं तरी ड्रिल सुरू झालं.
कुमुदने डोळे उघडले,
भिंतभर नजर फिरवली
आणि विचारलं,
मग साबण कुठे ठेवायचा?